कुसुममावशीचा डबा

ब्लॉगमधून खरंच पैसे मिळतात का, असं विचारत होतीस ना, मग ऐक. बंगळूरला बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमधल्या माझ्या संसारावर मी कित्येक वर्षं मराठीत फुकट लिहीत होते. मग प्लॅस्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीतल्या मुलीचा फोन आला. त्यांना जाहिरातीचा लेख हवा होता आणि पैसे चांगले देणार होते. मी हो म्हटलं.

डबे आले, मी फोटो काढून पाठवले. लगेच तिचा फोन.

"मॅडम, मागे ते जुने स्टीलचे डबे दिसतायत. ते भंगारात देतानाचा एक फोटो काढा ना. लेख तिथूनच सुरू करू."

म्हटलं, "ते माझ्या लग्नात आलेत. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव घातलंय. कुसुममावशीचा डबा मी भंगारात देणार नाही."

"पण फोटोत फक्त आमच्या कंपनीचं नाव दिसायला हवं."

"मग दुसरं स्वयंपाकघर शोधा," म्हटलं आणि त्यांचे डबे परत पाठवले.

नवरा म्हणाला, "पहिलीच कमाई घालवलीस." मी मावशीच्या डब्यावर लेख लिहिला.

तो वाचून इथल्याच चामराजपेटमधल्या एका जुन्या मराठी भांडेवाल्याचा फोन आला. "अक्का, आम्ही अजून भांड्यांवर नावं घालून देतो. आमची जाहिरात कराल?" केली. पहिली कमाई ती.

परवा त्या मुलीचा पुन्हा फोन. "मॅडम, राहू देत तुमचे स्टीलचे डबे. आता लिहाल?"

म्हटलं, "लिहीन की. पण मावशीचा डबा पुढे, तुमचे मागे."