जुम्म्याला नासिर कुठे असायचा

आधी हे लिहून घ्या की मी खोटी साक्ष दिली, आणि देताना मला वाटत होतं मी भलं काम करतोय. मी याकूब, मूळचा दापोलीकडचा, बाप मासे विकायचा, मी शिवणकाम शिकलो आणि विशीत इथे आखातातल्या सहम गावी आलो, इथले पुरुष घालतात ते लांब पांढरे दिशदाशे शिवतो, केस पिकले तरी तेच.

दुकानामागे आम्ही चौघं राहायचो, त्यात नासिर पाकिस्तानातला, एसी दुरुस्त करायचा. तो अहमदिया, म्हणजे बाकीचे मुसलमान ज्यांना आपल्यातले मानत नाहीत त्या पंथाचा, हे फक्त मला माहीत. त्याच्या देशात त्यांनी स्वतःला मुसलमान म्हटलं तरी तुरुंग, आणि ते लोक आमच्या इमामामागे नमाज पढत नाहीत, म्हणून हा दर जुम्म्याला, आम्ही शुक्रवारच्या नमाजाला निघालो की म्हणायचा, तुम्ही व्हा पुढे, बिर्याणीपाशी कुणीतरी पाहिजे ना. आम्ही येऊन जेवायला बसलो की हा सामानाच्या खोलीत कडी लावून एकटा पढायचा. सलीमभाई, आमच्यातले वडीलधारे, बोटं चाटत म्हणायचे, नासिर, जन्नतमध्येही तुला भटारखान्यातच जागा मिळणार. सगळे हसायचे, तोही हसायचा.

पुढे गावी त्याच्या भावाचं दुकान अहमदिया म्हणून लोकांनी जाळलं, आणि हा परत न जाता युरोपात पोचला, आसरा मागितला. तिथे विचारतात, तू खरा अहमदिया कशावरून. त्यानं साक्षीला माझं नाव दिलं. व्हिडिओवर अधिकारी बाई आणि दुभाषा, म्हणाल्या, जुम्म्याला तो कुठे असायचा. आता काय सांगू तुम्हाला, माझ्या पाठीमागे सलीमभाई चहा पीत बसलेले, त्यांना यातलं काही माहीत नाही, मी म्हटलं, कुठे म्हणजे, आमच्याबरोबर मशिदीत, पहिल्या रांगेत, पक्का नमाजी. आमच्यात माणसाची तारीफ अशीच करतात हो. बाईंनी तेवढंच धरलं, तुमच्या इमामामागे उभा राहतो तो अहमदिया कसला, आणि नासिरला एका शब्दानं न विचारता अर्ज फेटाळला. परत पाठवायचं ठरलं.

त्याचा वकील कोर्टात गेला. मला फोनवर म्हणाला, कोर्ट कुणाची श्रद्धा खरी ते ठरवणार नाही, अधिकाऱ्यानं नीट तपासलं का तेवढंच बघेल, तू आता शपथेवर खरं लिहून दे. मी दिलं. लपून नाही, सलीमभाईंना सांगून दिलं. ते भडकले, त्याच्यासाठी साक्ष देणार असशील तर आमच्या ताटात जेवू नकोस. मी म्हटलं, भाई, इतकी वर्षं त्याच्या हातचं खाल्लंत तेव्हा ताट बाटलं नाही? तेव्हापासून मी दुकानात निजतो. मशिदीत काहीजण सलाम घेत नाहीत, न घेवोत. मी माझा नमाज सोडला नाही, त्याचा मार्ग धरला नाही, फक्त पाहिलं ते सांगितलं, पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन, कुणाच्याही तोंडावर.

कोर्टानं तो निकाल रद्द केला, त्याचं म्हणणं नव्यानं ऐका म्हणाले. आसरा अजून मिळालेला नाही, पण पाठवणं थांबलं. त्या दिवशी मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, जाऊ दे याकूबभाई, तुम्ही माझ्या भल्यासाठीच बोललात. मी म्हटलं, नाही नासिर, हे तू म्हणू नकोस. मी घाबरलो होतो, तेही तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. तू कोण आहेस ते मला माहीत होतं आणि मी ते पुसून टाकलं. माझं चुकलं, मला माफ कर.