पहिला लोटा

मुलांनो, कल्पना करा, नेरच्या बसस्थानकावर तुम्ही उन्हामुळे तोंडाला दुपट्टा बांधून बसला आहात. प्रेरणा तशीच बसली होती. तिच्या गावाने पाणी आणि जंगल राखायला जलरक्षक हे नवं पद काढलं होतं, आणि पहिली निवड तिच्या आईची, मैनाबाईची झाली होती. गाळ काढलेल्या विहिरीचा पहिला लोटा आज संध्याकाळी आईने प्यायचा, मग गावाने, असं ठरलं होतं. तेच बघायला प्रेरणा वसतिगृहातून निघाली होती. मागच्या बाकावर गावातलेच दोघे बोलत होते.

"काहून घामाघूम झाला बे घनश्याम?"

"कोणाले बोलू नको. सकाळी फवारणीचा पंप धुवाले विहिरीवर गेलतो."

"मना आहे ना आता तिथं!"

"वर्षानुवर्षाची सवय, लेका. औषधाचा डबा हातातून सुटला, थेट आत."

"रिकामा?"

"भरला होता. बूच उघडं."

"अन् इथं बसून राह्यला? मैनाबाई तेच पाणी पिणार आहे आज!"

"मालूम आहे. म्हणून तं पोरीच्या गावी चाललो. सांगितलं तं गाव माये हाडं मोडीन."

"अन् नाही सांगितलं तं?"

"एका लोट्यानं काय होते?"

"तू पेशील?"



प्रेरणाने आईचा नंबर लावला. पलीकडून "बोल, बाई" ऐकू येताच तिने दुपट्टा सोडला, मागे वळून मोबाईल घनश्यामच्या कानाला लावला.