भरावाच लागणारा रकाना

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक आजी होत्या. आत संगणकासमोर नर्स होती.

"ओळखलंस का गं? मागच्या महिन्यात तुझ्यावर तोंडसुख घेतलं होतं मी."

"रोज कुणी ना कुणी घेतंच, आजी."

"कुठलं औषध सोसत नाही, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस म्हणून. शेवटी वैतागून सांगितलं, यांना पेनिसिलिननं धाप लागते."

"बरं, मग?"

"मग गेल्या आठवड्यात लेकीच्या गावी हे बेशुद्ध पडले. मी इथे, तिला काही ठाऊक नाही. डॉक्टरांनी तेच इंजेक्शन भरलं होतं. तेवढ्यात तिथल्या नर्सनं यांच्या आरोग्य कार्डाचा नंबर टाकला, तर तुझी नोंद समोर!"

"आता सगळ्या दवाखान्यांत एकच फॉर्म आहे ना, इथली नोंद तिथेही दिसते."

"काल घरी आलेत. चहात साखर कमी म्हणून भांडतायत."

"खरं सांगू? तेव्हा मलाही कंटाळा आला होता. पण तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही."

"मग त्या रकान्याचं भलं होवो! आज माझा गुडघा दाखवायचाय."

"तुमची जुनी नोंद आहे. वय साठ, बरोबर?"

आजींनी मागे वळून रांगेकडे पाहिलं.

"अडुसष्ट लिही."