मुका मार

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, जिच्यासाठी आपण जमलो ती आमची डॉक्टरबाई (क्षमा करा, ज्यांच्यासाठी जमलो त्या आमच्या डॉक्टरबाई), समस्त सिस्टर, तिसऱ्या रांगेत बसलेल्या तपासणी-खोलीतल्या बाई, ज्यांचं नाव घेतलं तर मी भाषण विसरेन, आणि उपस्थित आईबापहो,

मला पालकांच्या वतीनं उभं केलंय. मी पालक नाही, मामा आहे. कॉलेज प्राचार्यांशी वाजलं म्हणून अर्ध्यावर सोडलं. हल्ली फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासतो. तुमच्या बुडाखालचे बाक मीच घासलेत, तेव्हा भाषण टोचलं तरी बाक टोचणार नाही.

माझ्या भाचीला घरात भिंगरी म्हणतात. पोरगी एका जागी ठरेल तर शपथ! ती भिंगरी एका सकाळी पलंगावरून उतरेना. दोन्ही नडग्यांवर लाल, गरम गाठी. चादर लागली तरी किंचाळायची.

"पडलीस का कुठं?" ताईनं विचारलं.

"नाही गं आई."

"मग खोटं का बोलतेस?"

बघा, पोरांना असं विचारतो आपण. मग त्या लाल गाठी निळ्या पडल्या, हिरवट झाल्या. शेजारच्या काकूंनी चष्मा वर केला आणि निकाल दिला, "हा मुका मार आहे. पण पोरीला मारलं कुणी?"

मंडळी, मुका मार! रक्त नाही, जखम नाही, आत नुसतं ठणकतं. (तिसऱ्या रांगेकडे पाहून मला यातल्या 'मुक्या'चा दुसराही अर्थ सुचतोय, पण अध्यक्ष माझ्याकडे बघताहेत.) मार मुका असला की बाकीचे बोलायला लागतात. मी ताईकडेच राहतो, रात्रपाळीला जातो; दुपारी ताई-दाजी कामावर, पोर माझ्याजवळ. माझा राग सगळ्यांना ठाऊक. घरातलं एक दार अजून बिजागरीवर धड बसत नाही. दाजींनी फक्त माझ्या हातांकडे पाहिलं.

मीही पाहिलं. मी तिला बोट लावलं नव्हतं, तरी हात खिशात घातले. न केलेल्या गोष्टीची इतकी भीती वाटते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर काढलं आणि भिंगरीशी एकटीशी बोलल्या. ताई रडत होती. दाजी भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होते, तोच तोच. मला त्या भिंतीवर मूठ मारावीशी वाटली. पण मूठ वळली असती तर तोच पुरावा झाला असता.

दार उघडलं. "मामा कोण? आत या. सगळेच या."

बाईंनी गाठीवर अलगद अंगठा ठेवला. "नुसता मार असा असतो? हे कातडीखाली बोरासारखं टणक लागतंय, गरम आहे, दोन्ही नडग्यांवर पुढच्याच बाजूला आहे. पोरगी म्हणते मामा खांद्यावर घेतो. पण मी तिच्या शब्दावर विसंबले नाही, सगळं अंग तपासलं. याला एरिथेमा नोडोसम म्हणतात; या गाठी माराशिवायच माराचे रंग बदलतात."

मला ते जादूगाराच्या मंत्रासारखं वाटलं.

"गाठींना भिऊ नका," त्या म्हणाल्या. "ही वर्दी आहे. आत काहीतरी घडलंय, शरीर कळवतंय. वर्दी कुणी पाठवली, ते शोधायचं."

मग प्रश्न सुरू झाले. मागे घसा दुखला होता का? "हो, आइस्क्रीमनं," ताई म्हणाली. कुठलं औषध चालू होतं? पोट दुखतं? शौचातून रक्त? वजन उतरलंय? आणि मग, "घरात कुणाला खोकला आहे?"

नेमका तेव्हाच मला खोकला आला.

हात संशयातून सुटले, छाती सापडली! लहान मुलाला अशा गाठी क्षयामुळेही येतात, आणि क्षय पोराला घरातल्याच मोठ्या माणसाकडून लागतो, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. भिंगरीच्या घशातला नमुना घेतला, रक्त घेतलं, छातीचा एक्स-रे काढला, क्षयाची चाचणी म्हणून हातावर कातडीत बारीक सुई टोचली. माझाही एक्स-रे झाला, थुंकी तपासायला गेली.

ताट मी स्वतःच वेगळं केलं. भिंगरी पलंगावरून ओरडायची, "मामा, रुसलास का?"

"नाही गं."

"मग दारातून काय बोलतोस, पोस्टमन आहेस का?"

काय सांगू? प्राचार्यांसमोर न घाबरलेला मी त्या चिमूटभर पोरीपुढे उंबरा ओलांडत नव्हतो. मारलं नाही, पण त्याहून वाईट काही दिलं असेल तर?

सुईची जागा बघायचा दिवस आला. तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी तिथे बोट फिरवलं, सूज मोजायला पट्टी धरली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, तेव्हा प्रेमानं नव्हे, देवाशपथ, भीतीनं. प्रेम पट्टी खाली ठेवल्यावर झालं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

बाईमाणूस 'काही नाही' म्हणालं की शहाण्यानं घाबरावं म्हणतात. मी मात्र त्यांनाच हात जोडले.

डॉक्टरबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. दोघांचे एक्स-रे आले, माझी थुंकी आली, सगळं स्वच्छ. रक्तानं सांगितलं, आइस्क्रीमच्या नावावर खपवलेलं ते घशाचं दुखणं जंतूचं होतं, वर्दी त्यानंच पाठवली होती. माझा खोकला लाकडाच्या भुशाचा निघाला. "फडकं बांध तोंडाला, हिरो," बाई म्हणाल्या. भिंगरीला औषध आणि विश्रांती दिली; काही आठवड्यांत गाठी गेल्या, मागे वणही राहिला नाही. आम्ही निघालो तेव्हा बाई दाजींना म्हणाल्या, "कारण सापडलं हे नशीब. पुष्कळदा सापडत नाही. म्हणून ते कुणाच्या अंगावर ढकलायचं नसतं."

बाई, आज तुम्ही हा दवाखाना सोडून निघालात, आणि मला पुन्हा भीती वाटते. उद्या एखादं पोर असेच पाय घेऊन येईल, बाहेर एखादा तापट मामा हात खिशात घालून उभा असेल. तुमच्या खुर्चीत बसणारा माणूस आधी पोराच्या पायांकडे बघेल, की मामाच्या हातांकडे?

आता भिंगरी तुम्हाला फुलं द्यायला येतेय. पायऱ्या उंच आहेत. मघाशी दाजींनी तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच ने. तुझ्याजवळ ती पडत नाही."

आयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही हसलात, तिसरी रांग उठून गेली नाही, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. तोही मुका मारच समजा.

चल गं भिंगरी. हळू.