फोनच्या लेखी बारा वर्षांची

पालमच्या एस.टी.त पुढच्या सीटवर दोन शेजारणी होत्या. त्यांचं हसू आधी ऐकू आलं, बोलणं नंतर.

“रोहिणी, पोरगी रातचं बघत बसू नये म्हणून तिच्या मोबाईलला कुलूप लावलंस का गं?”

“ह्यांनी लावलं, अक्का. पण ते माज्याच मोबाईलला बसलं!”

“आं? ते कसं काय?”

“माजा फोन घेतला तवा जन्मतारीख टाकायची होती. माजी कुणाला ठाव हाय? ह्यांनी पोरीची, संघप्रियाची टाकली. आता फोन मला बारा वर्षांची समजायलाय.”

“आगं माय! आन् पोरगी?”

“तिच्या फोनात बापाची तारीख. तिला कोण आडवतंय? माजा मातर नऊ वाजता बंद. वर लिहून येतंय, झोपायची वेळ झाली.”

“मग मालकाला म्हण की, तारीख बदला.”

“बदलायलेच होते. मीच हात धरला.”

“का गं?”

“खरंच बारा वर्षांची होते, तवा मला झोप म्हणलं होतं का कुणी?”

“आन् रातची भांडी?”

“हे घासायलेत. लेकराला काय काम सांगावं, म्हणले!”

“थांब. हा धर माजा मोबाईल. माज्या नातीची तारीख टाक.”