मातेत सुई टोचत नाहीत

धुरपदाबाई : घ्या जावईबापू. एवढ्या उन्हात दापोऱ्याहून नैवेद्य आणला मी. दहीभात आहे, थंडा. काल मातेला वाटेला लावलं.

अरविंद : कोणाची माता, आई?

धुरपदाबाई : तुमच्या मेहुणीच्या, मंगलाच्या गुड्डीला आली होती ना! अंगभर मोत्यासारखे दाणे.

मालती : माय! गुड्डीला कांजिण्या झाल्या होत्या?

धुरपदाबाई : हळू वं! असं नाव घेत नाहीत. माता आली म्हणावं.

मालती : पंधरा दिवसांपूर्वी तू तिला इथे घेऊन आली होतीस. दुपारभर यांच्या मांडीवर बसली होती ती!

धुरपदाबाई : तवा कुठं आली होती? घरी गेलो अन् दुसऱ्या दिवशी दाणे उठले.

मालती : मग फोन नाही करायचा?

धुरपदाबाई : मातेची गोष्ट फोनवर सांगतात का कोणी?

मालती : अगं, यांच्या गोळ्या अंगाचा जोर मुद्दाम कमी ठेवतात. नाहीतर यांच्या पोटात बसवलेला माझ्या लिव्हरचा तुकडा परका समजून यांचं अंग त्याला हाकलून देईल. डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं.

धुरपदाबाई : सासरचं काही मानवलंय का यांना कधी? लग्नातला कोट तरी कुठं घातला?

अरविंद : तो काखेत फार घट्ट होता, आई.

मालती : कोट राहू द्या! जी कांजिणी पोराटोरांना चार दिवस खाजवून जाते ना, ती यांच्या फुप्फुसात, लिव्हरमध्ये उतरू शकते. अहो, तुम्हाला काही नाही ना?

अरविंद : नाही. म्हणजे, अगदी नाही असं म्हणता येणार नाही. पाठीवर दोन-तीन पुळ्या आहेत. पाणी भरल्यासारख्या. डासही असू शकतील.

मालती : कधीपासून?

अरविंद : काल संध्याकाळी जाणवल्या. अंगही जरासं गरम वाटतंय. तुला सांगणार होतो. पण वाटलं, आपलंच काही चुकत असेल, उगाच तुझी धावपळ कशाला.

मालती : शर्ट वर करा. अरे देवा! डास म्हणे!

धुरपदाबाई : आली वं माय, आली! पायावर पाणी घाल त्यांच्या. लिंबाचा पाला आण. आजपासून घरात फोडणी बंद. अन् जावईबापू, दाढी करायची नाही.

(मालती आत जाऊन फोन करते आणि परत येते.)

मालती : इंदूरच्या डॉक्टरांशी बोलले. लगेच भरती व्हायचंय, सलाइनमधून औषध द्यायचंय. शेजारचा प्रकाश गाडी काढतोय. उठा.

धुरपदाबाई : सुई? मातेत सुई टोचत नाहीत!

मालती : यांचं पोट आडवं कापलं तेव्हा चाललं तुला! माझंही कापलं.

धुरपदाबाई : तवा माता नव्हती अंगात.

मालती : माय, दारातून बाजूला हो.

धुरपदाबाई : नाही होत. तुझ्या थोरल्या भावाच्या अंगात होती, तवा तुझ्या बापानं सुई देववली. माझ्या मांडीवर गेला पोरगा. तू पाळण्यात होतीस, तुला काय ठाऊक?

मालती : तो सुईनं नाही गेला, माय. दवाखान्यात न्यायलाच उशीर झाला होता. बाबाच सांगायचे.

धुरपदाबाई : मला नाही बोलले कधी.

मालती : तुला कसं बोलतील?

धुरपदाबाई : जावईबापू, तुम्ही सांगा हिला. तुम्ही मोठ्यांचा शब्द मोडत नाही. सांगा, नाही जात म्हणून.

अरविंद : आई, तुमचा शब्द मी मोडला नाही हे खरं. यकृत माझं असतं तर आजही मोडला नसता. बसलो असतो लिंबाच्या पाल्यावर. पण ते मालतीचं आहे. माझ्या भिडेपायी तुमच्या लेकीची वस्तू नासली, तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवू?

धुरपदाबाई : लेकीचंच कलेजं म्हणा ते.

अरविंद : हो. मी नुसतं वागवतोय.

धुरपदाबाई : मग डॉक्टरला सांगा, सुई त्या कलेजाला दे म्हणावं. तुम्हाला नको.

अरविंद : तसंच सांगतो.

मालती : चला. पण माय, तू चपला का घालतेस? तू घरी थांब.

धुरपदाबाई : अर्धी लेक त्यांच्यात, अर्धी तुझ्यात. दोघं गाडीत बसल्यावर मी इथं कोणापाशी थांबू?