धोंडुबाईंच्या हाकेचे गाणे

मी वर्षाराणी राजशेखर आवटी, वय ३४ वर्षे, धंदा दातांच्या दवाखान्यात नोकरी, रा. खालची गल्ली, शुक्रवार पेठ, कोल्हापूर. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी आईसोबत राहते. नोकरी सांभाळून गाणी करते. माळ्यावर आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा बांधून, लॅपटॉप आणि माइकवर मी ‘खालची गल्ली’ नावाचा अल्बम घरीच तयार केला. गाणी आमच्या गल्लीवरची आहेत. नळाला पाणी येण्याचे एक, तालमीतल्या पोरांचे एक, अशी. मागच्या दिवाळीत अल्बम इंटरनेटवर टाकला.

समोरच्या घरात गुंडू इंगवले व त्यांच्या पत्नी धोंडुबाई राहत. गुंडूकाका संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसत. स्वयंपाक झाला की काकू दारातून हाक मारत, "अवो, या की! भाकरी निवाय लागली." ही हाक मी त्यांना विचारून रेकॉर्ड केली. "माझा घोगरा आवाज कशाला गं? बरं, घे की," असे त्या म्हणाल्या. ती हाक एका गाण्यात आहे. गाणे झाल्यावर त्यांनी ते ऐकले आणि पुन्हा लावायला सांगितले. लेखी परवानगी घेतलेली नाही.

यंदा संक्रांतीनंतर धोंडुबाई वारल्या. दिवसकार्य झाल्यावर गुंडूकाका संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसू लागले. "लाव की गं," एवढेच म्हणत. मी गाणे लावत असे. हाक ऐकली की ते उठून घरी जात आणि खानावळीचा डबा उघडून जेवत. हे मी कोणाला सांगितले नव्हते.

पुढे कोणीतरी लुगडे नेसून त्या हाकेवर नाचल्याचा रील केला. तो खूप फिरला. तो बघून इतरांनीही तसे रील केले. मी बऱ्याच जणांना रील काढून टाका म्हणून विनंती केली. दोघांनीच काढून टाकले. धोंडुबाईंचे चिरंजीव उदयसिंह पुण्यात कंपनीत आहेत. त्यांना तो रील ऑफिसात कोणीतरी दाखवला. रविवारी ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "माझ्या आईचा तमाशा मांडलास व्हय गं? वर्ससुदिक झालं न्हाय तिला." मी वाद घातला नाही. दमले होते. त्यांच्यासमोरच गाणे सगळीकडून काढले आणि परत लावणार नाही असा शब्द दिला. रील मात्र फिरतच राहिले, म्हणून त्यांनी ठाण्यात तक्रारअर्ज दिला.

सोमवारी संध्याकाळी गुंडूकाका आले. "लाव की गं." मी म्हणाले, "काका, उदयदादा नको म्हणालेत." ते अंधार पडेपर्यंत बसले आणि गेले. गाणे माझ्या फोनमध्ये होते. मी लावले नाही. त्यानंतर दोन दिवस त्यांचा डबा दारात तसाच दिसला. बुधवारी ते आमच्या पायरीवरच चक्कर येऊन पडले. मी त्यांना रिक्षाने इस्पितळात नेले व उदयसिंह यांना फोन केला.

ते आल्यावर त्यांनी वडिलांना विचारले, "आबा, जेवला का न्हाईसा?" काका म्हणाले, "हाक आली न्हाय."

उदयसिंह यांनी मला बाहेर बोलावून सगळे विचारले. मी सांगितले. त्यांनी रील पाहिले होते, पूर्ण गाणे ऐकले नव्हते. माझा फोन घेऊन ते आत गेले. मी बाहेर बाकावर थांबले. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. नंतर त्यांनी कँटीनमधून पेज आणली आणि काकांनी ती घेतली. जाताना त्यांनी गाणे स्वतःच्या फोनवर मागून घेतले.

अर्ज मागे घेणार किंवा नाही, हे ते बोलले नाहीत. मीही विचारले नाही. ते गाणे मी इंटरनेटवर पुन्हा टाकणार नाही. उदयसिंह यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. आवाज त्यांच्या आईचा होता. गाणे माझे होते, एवढे मात्र जबाबात लिहून घ्यावे अशी विनंती आहे.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. गाणे माझे होते, ही शेवटची ओळ लिहायची राहिली होती, ती सांगून घालून घेतली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.